कार्यानुभवाकडून यंत्रमानवाकडे

गारगोटी हे कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. कोल्हापूरहून दक्षिणेकडे पन्नासएक किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे नोंदले गेले ते १३ डिसेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर झालेल्या हल्ल्यामुळे. सात क्रांतिकारकांनी त्या लढ्यात प्राण दिले. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, १९५२ साली, याच गावात आणखी एक धाडस झाले. त्यात बंदुका नव्हत्या, रक्त सांडले नाही, म्हणून त्याची आठवणही फारशी कोणी काढीत नाही. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव घेऊन येथे एक विद्यापीठ उभे राहिले. खेड्यातील मुलाने खेड्यातच राहून हाताने व डोक्याने एकदमच शिकावे, हा त्यामागील संकल्प होता.

आज त्या संकल्पाची आठवण होण्यास एक निमित्त आहे. गेल्या काही वर्षांत शाळाशाळांतून ‘रोबोटिक्स’चे वारे वाहू लागले आहे. आठवी-नववीची मुले चाकांवर धावणारी, वस्तू उचलणारी, अडथळा आला की वळणारी छोटी यंत्रे तयार करतात, संघ करून स्पर्धेला जातात आणि पारितोषिके आणतात. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात आणि पालक कौतुकाने ती कापून ठेवतात. हे कौतुक रास्तच आहे. परंतु या कौतुकाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. शालेय यंत्रमानव-संघ ही शिक्षणातील नवी वाट आहे, की पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपण अर्ध्यावर सोडून दिलेली जुनीच वाट नव्या नावाने पुन्हा समोर आली आहे? आणि ती जुनीच असेल, तर मागच्या वेळी आपण जेथे अडखळलो, तेथेच पुन्हा अडखळणार नाही, याची काय हमी?

वेठ आणि वेठीतून सुटका

‘रोबोट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेतील ज्या मूळ शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ वेठ असा आहे. सरंजामदाराच्या शेतावर कुळाने मोबदल्याविना राबावयाचे, ती वेठ. वेठबिगारी म्हणजे काय हे महाराष्ट्रातील खेड्यांना शब्दकोशात पाहावे लागत नाही. दुसऱ्याच्या हुकमाने हात हलवावयाचे आणि आपले डोके घरी ठेवावयाचे, हे वेठीचे मर्म होय.

शाळेतील यंत्रमानवाचे खरे प्रयोजन याच्या उलट असले पाहिजे. यंत्र वेठीला जुंपावयाचे, पण ते जुंपणाऱ्या मुलाच्या हातात व डोक्यात एकाच वेळी काही घडावयाचे. जमिनीवरील काळ्या रेषेवरून चालणारी साधी गाडीच घ्या. तिला दोन मोटारी असतात, प्रकाश ओळखणारे दोन सेन्सर असतात आणि त्यांच्यामध्ये निर्णय घेणारी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी असते. उजव्या सेन्सरखाली रेष आली, की उजवे चाक मंद करावयाचे, म्हणजे गाडी उजवीकडे वळते. नियम इतका सोपा, की पाचवीतला मुलगाही सांगेल. परंतु गाडी जमिनीवर ठेवली, की ती रेष सोडून भलतीकडेच जाते. का? तर खिडकीतून आलेल्या उन्हाने सेन्सर फसतो. किंवा बॅटरी उतरल्याने एक मोटार दुसरीपेक्षा हळू फिरते. किंवा फरशीवर धूळ असल्याने चाक घसरते. पुस्तकात बरोबर असलेली गोष्ट जमिनीवर का चुकते, याचा शोध मुलाला स्वतःलाच घ्यावा लागतो. त्या शोधात प्रकाश, विद्युत्, घर्षण आणि तर्कशास्त्र यांचे जे धडे मिळतात, ते मार्गदर्शिकेत मिळत नाहीत.

स्पर्धेचा उगम

या स्पर्धांची परंपरा फार जुनी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, या विख्यात संस्थेत १९७० च्या दशकात वुडी फ्लॉवर्स या प्राध्यापकाने यंत्ररचनेचा वर्ग निराळ्या तऱ्हेने घेण्यास आरंभ केला. प्रत्येक विद्यार्थ्याला किरकोळ वस्तूंचे सारखेच गाठोडे द्यावयाचे, त्यातून एक ठरावीक काम करणारे यंत्र बनवावयास सांगावयाचे आणि सत्राच्या शेवटी सर्वांची जाहीर झुंज लावावयाची. परीक्षेची धास्ती असलेल्या वर्गाला अचानक आखाड्याचे रूप आले. पुढे डीन केमेन या संशोधक-उद्योजकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ नावाची संस्था काढली आणि फ्लॉवर्स यांच्या साहाय्याने हा आखाडा माध्यमिक शाळांपर्यंत नेला. १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अवघे २८ संघ उतरले होते. आज जगातील हजारो शाळांचे संघ तिच्या निरनिराळ्या स्पर्धांत भाग घेतात.

फ्लॉवर्स यांनी या स्पर्धांना एक दंडक घालून दिला. प्रतिस्पर्ध्याशी जिद्दीने लढावे, परंतु त्याचे यंत्र ऐनवेळी बिघडले, तर आपल्या पेटीतले पाने-पक्कड त्याला काढून द्यावेत. कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या माणसाला हा दंडक परका वाटू नये. कुस्ती संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठविणाऱ्या मल्लाचे कौतुक येथील प्रेक्षकाने विजेत्याइतकेच केले आहे.

२०१७ साली वॉशिंग्टन येथे राष्ट्राराष्ट्रांच्या शालेय संघांची पहिली ‘फर्स्ट ग्लोबल’ स्पर्धा भरली. भारताच्या वतीने तेथे मुंबईच्या सात विद्यार्थ्यांचा संघ गेला होता आणि अभियांत्रिकी रचनेचे पारितोषिक घेऊन तो परतला. त्याच स्पर्धेला अफगाणिस्तानातील हेरातहून मुलींचा एक संघ यावयाचा होता. त्यांना अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. जगभर गवगवा झाल्यावर अखेर त्यांना येऊ देण्यात आले. याच चमूतील मुलींनी २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, जुन्या टोयोटा मोटारीचे भाग वापरून श्वसनयंत्राचा नमुना तयार करून दाखविला. पुढच्याच वर्षी तालिबानची राजवट परत आली आणि अफगाण मुलींना माध्यमिक शाळेची दारे बंद झाली. एका शालेय संघाच्या एवढ्याशा इतिहासात केवढा मोठा अर्थ दडलेला असू शकतो, याचे हे उदाहरण होय.

चार मुलांची गोष्ट

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या पश्चिम भागात कार्ल हेडन नावाची माध्यमिक शाळा आहे. वस्ती गरिबांची, बहुसंख्य मुले मेक्सिकोतून आलेल्या मजूर कुटुंबांतील. २००४ साली ॲलन कॅमेरॉन व फ्रेडी लज्वर्दी या दोन शिक्षकांनी तेथील चार मुलांचा एक संघ पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांच्या स्पर्धेत उतरविला. चौघेही लहानपणी आईबापांबरोबर सीमा ओलांडून आलेले; कागदपत्रांच्या दृष्टीने त्या देशात त्यांना अस्तित्वच नव्हते. शिक्षकांनी त्यांना शाळांच्या गटात न उतरविता मुद्दाम वरच्या, महाविद्यालयांच्या गटात उतरविले. हरावयाचेच आहे, तर मोठ्यांकडून हरावे, एवढाच त्यामागील हिशेब होता.

सुमारे आठशे डॉलर जमवून त्यांनी यंत्र तयार केले. सांगाडा नळकामाच्या प्लॅस्टिक पाइपांचा. जोडकामाच्या डिंकाला असह्य वास येई, म्हणून यंत्राचे नाव ठेवले ‘स्टिंकी’, म्हणजे दुर्गंध्या. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर विद्युत् उपकरणांच्या पेटीत पाणी झिरपत असल्याचे उघड झाले. नवी पेटी बनविण्यास वेळ नव्हता. तेव्हा स्त्रिया मासिक पाळीच्या काळात वापरतात ते शोषक साहित्य दुकानातून आणून पेटीत भरावे, असा तोडगा निघाला आणि तो लागू पडला. त्या गटात एमआयटीचाही संघ होता. निकाल लागला, तेव्हा पहिला क्रमांक कार्ल हेडन शाळेचा आणि दुसरा एमआयटीचा होता.

गोष्ट येथे संपली असती, तर ती बोधकथा झाली असती. परंतु ती पुढे चालू राहिली, आणि तेथेच तिचे खरे मोल आहे. जगाने टाळ्या वाजविल्या, तरी कागदपत्रांचा प्रश्न सुटला नाही. संघातील ऑस्कर व्हास्केझ याने कष्टाने यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पण नोकरी कायदेशीर रीतीने मिळेना. २००९ मध्ये तो आपण होऊन मेक्सिकोत परतला आणि तेथून रीतसर परवानगी मागू लागला. सरकारने त्याच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. एका सिनेटरने बाजू घेतल्यावर २०१० मध्ये त्याला परत येता आले, आणि मग तो त्याच देशाच्या सैन्यात भरती झाला. स्पर्धेतील विजय एका दिवसाचा असतो. त्या विजयाने मुलाच्या पुढील आयुष्याची वाट मोकळी होतेच असे नाही. बक्षीस शाळा देऊ शकते, वाट समाजाने द्यावयाची असते.

गारगोटीचा प्रयोग

आता पुन्हा गारगोटीकडे वळावे. मौनी विद्यापीठाच्या स्थापनेत व्ही. टी. पाटील आणि डॉ. जे. पी. नाईक यांचा वाटा मोलाचा. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. जन्म १९०७ चा. त्यांनी १९४८ साली मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली होती. मनात आणले असते, तर ते शहरात राहूनच शिक्षणावर ग्रंथ लिहीत बसले असते. परंतु १९५० च्या दशकातील काही वर्षे त्यांनी गारगोटीसारख्या आडबाजूच्या गावाला दिली. डॉ. चित्रा नाईक यांनीही येथे काम केले. बालवाडीपासून उच्च शिक्षणापर्यंतची साखळी एकाच परिसरात असावी आणि तिचा संबंध भोवतालच्या शेतीशी, रस्त्यांशी, विहिरींशी व आरोग्याशी असावा, ही विद्यापीठाची कल्पना होती.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाची योजना आखून देशभर निवडक संस्थांना ‘ग्रामीण संस्था’ म्हणून मान्यता दिली. शांतिनिकेतनजवळचे श्रीनिकेतन, मदुराईजवळचे गांधीग्राम, सौराष्ट्रातील सणोसऱ्याची लोकभारती यांच्या पंक्तीत महाराष्ट्रातून अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठ यांची निवड झाली. ग्रामसेवेच्या पदविकेबरोबरच स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम तेथे सुरू झाला. ‘ग्रामीण’ आणि ‘अभियांत्रिकी’ हे दोन शब्द एकत्र लिहिणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. अभियंता म्हटला की तो शहरातून खेड्यात यावयाचा, अशीच समजूत होती. खेड्यातूनच अभियंता घडू शकतो, असे या नावाने ठणकावून सांगितले. त्या नावाचे तंत्रनिकेतन गारगोटीत अजूनही आहे.

परंतु ग्रामीण संस्थांची मूळ कल्पना देशात फार काळ तग धरू शकली नाही. त्यांची पदविका नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीची मानली जाईना. पालकांना व विद्यार्थ्यांना पदवी हवी होती, आणि त्यांना दोष कसा द्यावा? ज्या समाजात हाताने काम करणाऱ्याला पगार कमी आणि मान त्याहूनही कमी, त्या समाजात शेतकऱ्याच्या मुलानेच तेवढा श्रमाचा आदर्श का मिरवावा? हळूहळू बहुतेक ग्रामीण संस्था चारचौघींसारखी महाविद्यालये बनल्या.

नाईक पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. प्रत्येक टप्प्यावरील शिक्षणात कार्यानुभवाला अविभाज्य स्थान असावे, अशी शिफारस या आयोगाने केली. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीमचाच हा नवा, यंत्रयुगाशी जुळवून घेणारा अवतार होता. शेत, कारखाना, कार्यशाळा आणि घर यांतील प्रत्यक्ष उत्पादक कामाशी विद्यार्थ्याचा संबंध यावा, विज्ञान व काम यांची गाठ पडावी, असे आयोगाला अभिप्रेत होते. युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणचिंतकांची जी लेखमाला प्रसिद्ध केली, तीत गांधीजी व रवींद्रनाथ यांच्या बरोबरीने नाईकांचा समावेश आहे. त्या नावामागे गारगोटीचा अनुभव उभा आहे, हे विसरता येत नाही.

शिफारशीचे पुढे काय झाले, हे महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ‘कार्यानुभव’ वेळापत्रकात आला. आठवड्यातले दोन तास त्याला मिळाले आणि तेही बहुधा शेवटचे. मेणबत्त्या, खडू, कागदी फुले, लोकरीची तोरणे यांवर त्याची बोळवण झाली. पुढे तर वस्तू बाजारातून विकत आणावी, वहीवर सही घ्यावी आणि श्रेणी मिळवावी, अशी सोयीस्कर रीत पडली. परीक्षेत ज्याचे गुण मोजले जात नाहीत, ते कोणी शिकत नाही. आणि ज्याचे गुण न मागता मिळतात, ते तर मुळीच शिकत नाही. कार्यानुभव होता तो केवळ कागदावर. त्यात कार्यही उरले नाही आणि अनुभवही.

पाबळची वाट

मात्र विझलेल्या चुलीतही एखादा निखारा राखेखाली जिवंत राहतो. नाईकांची भारतीय शिक्षण संस्था १९७६ साली पुण्यास आली. तिच्याच छत्राखाली १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग हे अमेरिकेत शिकलेले अन्नतंत्रज्ञ. एका मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातील वरिष्ठ पद सोडून, पत्नी मीराताईंसह, ते या अवर्षणप्रवण गावात येऊन राहिले. मुलांना शिकविण्याची नैसर्गिक पद्धत म्हणजे काम करता करता शिकणे, हा त्यांचा साधा सिद्धान्त होता. शाळेतून गळालेली मुलेही तेथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, पाणी-परीक्षण, पशुसंगोपन असे सारे काही शिकू लागली आणि शिकता शिकता गावाची कामे करून देऊ लागली. जुन्या जीपचे भाग वापरून लहान शेतकऱ्यासाठी बनविलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर पाबळचाच.

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी कलबागांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आखला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशी त्याची चार अंगे. आठवड्यातला साधारण एक दिवस कार्यशाळेत घालवावयाचा. गावातलाच कारागीर निदेशक म्हणून शाळेत यावयाचा. मुलांनी केलेली वस्तू वा सेवा गावाला उपयोगी पडली पाहिजे, ही त्यातील मुख्य अट. मेणबत्ती-संप्रदायाच्या कार्यानुभवात आणि यात जो फरक आहे, तो या एका अटीत सामावला आहे. शाळेच्या नळाची गळती मुलाने थांबविली, तर ती थांबली की नाही हे शिक्षकाच्या सहीवरून ठरत नाही, पाण्यावरून ठरते.

आणि म्हणूनच २००२ साली, एमआयटीतील नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविणारी ‘फॅब लॅब’ आपल्या संस्थेच्या बाहेर नेण्याचे ठरविले, तेव्हा अगदी पहिल्यांपैकी एक प्रयोगशाळा पाबळला आली. दुधाची प्रत तपासणारी साधने, डिझेल इंजिनाची गती जोखणारी उपकरणे यांवर तेथे काम सुरू झाले. एमआयटीने पाबळ निवडले, ते तेथे हाताने काम करणारी मुले आधीपासून होती म्हणून. गारगोटीत पेरलेले आणि दिल्लीत कागदावर वाळलेले बी पाबळमध्ये रुजले. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. पण त्यांचे काम चालू आहे.

संच विकत मिळतो, संघ मिळत नाही

आता यंत्रमानव शाळेत आला आहे आणि या खेपेस सरकारही थैली सोडून बसले आहे. नीती आयोगाने २०१६ मध्ये अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू केली. निवडलेल्या शाळेला साधनसामग्री व पाच वर्षांचा खर्च मिळून वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले. अशा दहा हजारांहून अधिक प्रयोगशाळा देशभर झाल्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडली आहे. घोषणांच्या बाजूने पाहता उणे काही नाही.

उणे आहे ते दुसरीकडे. यंत्रमानवाचे तयार संच आज बाजारात मिळतात. त्यातील तुकडे क्रमाने जोडले, की यंत्र चालू लागते. संच विकणाऱ्या संस्थाच प्रशिक्षक पाठवितात, स्पर्धा भरवितात, प्रमाणपत्रे वाटतात. शाळेला जाहिरातीसाठी छायाचित्र मिळते. अशा यंत्रात मुलाचे काय असते? पूर्वी कागदी फूल बाजारातून येत असे, आता यंत्रमानव येतो, एवढाच फरक. जो मुलगा संचातील तुटलेला भाग स्वतः घडवू शकत नाही, तो यंत्र बनवावयास शिकला असे म्हणता येत नाही. तो ग्राहक व्हावयास शिकला.

दुसरी उणीव शिक्षकाची. विज्ञानाच्या शिक्षकाकडे चार वर्ग, दोन तुकड्यांच्या वह्या, निवडणुकीची कामे आणि शासनाला पाठवावयाचे तक्ते असतात. त्यातच प्रयोगशाळेची किल्ली त्याच्या हाती दिली जाते. महागडा छपाई-यंत्राचा डबा मोडला तर जबाबदारी कोणाची, या भीतीने तो कुलूपबंद ठेवला जातो आणि तपासणीच्या दिवशीच उघडतो. दोष शिक्षकाचा नव्हे. ज्या वस्तू मोडण्याची मुभा नाही, त्या वस्तूंनी शिक्षण होत नाही, हे हिशेब-तपासनिसाला कोणी सांगावयाचे?

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. शहरातील खर्चिक शाळांचे संघ परदेशी जातात आणि तालुक्याच्या गावातील मुलगा ती बातमी वाचतो. यंत्र कोणी घडवावयाचे आणि यंत्राखाली कोणी राबावयाचे, याची वाटणी जर नववीच्या वर्गातच होऊ लागली, तर चापेकच्या शब्दाचा मूळ अर्थ खरा ठरेल. वेठ यंत्राला राहणार नाही, माणसाला राहील.

काय करता येईल

वास्तविक कोल्हापूर जिल्ह्याइतका अनुकूल प्रदेश शोधून सापडणार नाही. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला. परदेशी कॅमेरा खोलून, लेथवर भाग कातून, पुन्हा पुन्हा चुकत त्यांनी तो सिद्धीस नेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम, कातकाम आणि इंजिनदुरुस्ती करणारी पिढ्यान्‌पिढ्यांची कारागीर मंडळी आहेत. गारगोटीसारख्या गावी तंत्रनिकेतन आहे, विज्ञान महाविद्यालय आहे, शिक्षक घडविणारे आचार्य जावडेकर यांच्या नावाचे महाविद्यालय आहे आणि शाहू कुमार भवनासारखी शाळाही आहे. एकाच गावात एवढी साखळी असणे हे नाईकांच्या पिढीने ठेवलेले भांडवल होय. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेचे दार आठवड्यातून एक दुपार आसपासच्या शाळांना उघडे झाले, तर वीस लाखांच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. इटलीतील इव्ह्रिया येथे २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी म्हणून जन्मलेली ‘आर्डुइनो’ ही इलेक्ट्रॉनिक पाटी आज तिच्या साध्या आवृत्तीत काही शे रुपयांत मिळते. मोटारी भंगारातील खेळण्यांत व छपाई-यंत्रांत सापडतात. पाइप तर प्रत्येक शिवारात पडलेले आहेत.

कामालाही तोटा नाही. भुदरगडच्या डोंगरपट्ट्यात गवे भातात व उसात उतरतात. रात्रीच्या विजेवर शेतकरी पंप चालू करावयास अंधारातून जातो आणि सापकिरडाशी गाठ घालतो. मधाचे गाव म्हणून ओळख मिळविलेल्या पाटगावात मधपेटीतील उष्णता व ओल मोजावयाची आहे. यांपैकी एकेक प्रश्न घेऊन शाळेच्या संघाने वर्षभर झटावे. यंत्र वाकडेतिकडे होईल, दहा वेळा बंद पडेल. पण अकराव्या वेळी पंप घरबसल्या चालू झाला, तर त्या मुलाच्या आजोबांनी दिलेली शाबासकी कोणत्याही चषकाहून कमी नसेल.

मूल्यमापनही बदलावे लागेल. यंत्र जिंकले की हरले यापेक्षा मुलांनी ठेवलेली कामाची वही पाहावी. काय बिघडले, का बिघडले, काय बदलले, याची प्रामाणिक नोंद हीच खरी उत्तरपत्रिका होय. कारागिराला शाळेत मानाने बोलवावे, मानधन द्यावे आणि मुलांनी त्याला ‘सर’ म्हणावे. संघात मुली निम्म्या असाव्यात, आणि त्यांच्याकडे केवळ तक्ते रंगविण्याचे काम सोपवून पाना-पक्कड मुलांच्या हाती राहू नये. हेरातच्या मुलींनी जे बंद दारामागे राहूनही सोडले नाही, ते येथे उघड्या दारातून मिळावयास काय अडचण आहे?

आणि शेवटी, वाटेचा प्रश्न. ग्रामीण संस्थांची पदविका बाजारात चालली नाही, म्हणून तो प्रयोग मागे पडला. तीच चूक पुन्हा व्हावयाची नसेल, तर दहावीपर्यंत हाताने काम केलेल्या मुलाला पुढे तंत्रनिकेतनात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वा कारखान्यात त्या कामाची दखल घेतलेली दिसली पाहिजे. नाही तर हुशार मुले नववीला यंत्र बनवतील आणि दहावीला ‘अभ्यासाचे वर्ष’ म्हणून ते माळ्यावर टाकतील.

१९५२ साली गारगोटीला जाणाऱ्या माणसांपाशी ना संगणक होता, ना अनुदानाची योजना. खेड्यातील मुलाचे हात आणि डोके यांच्यामध्ये कोणीतरी एक भिंत घातली आहे आणि ती पाडावयास हवी, एवढीच त्यांची समजूत पक्की होती. ती भिंत अजून पुरती पडलेली नाही. यंत्रमानवाने तिला नवे खिंडार पाडले आहे. ते खिंडार रुंद करावयाचे, की त्यावर प्रमाणपत्रांची तसबीर टांगून ते झाकून टाकावयाचे, याचा निर्णय मंत्रालयापेक्षा शाळेच्या शिक्षक-दालनातच अधिक होणार आहे.